मानवेल असं काहीतरी

आंघोळीला जाण्याआधी कपाळावरची टिकली काढायची, आरशाच्या कडेला चिकटवायची आणि आंघोळ करून आल्यावर तीच पुन्हा लावायची, ही कुंदाची लग्नाआधीपासूनची सवय. गोंद अगदीच गेला की ती टिकली तिथेच राहायची आणि पाकिटातून नवी निघायची. त्यामुळे आरशाच्या उजव्या कडेला वाळक्या लाल-मरून ठिपक्यांची रांग झाली होती, आणि तिचा नवरा गिरधर दाढी करताना म्हणायचा, या आरशाला गोवर आलाय. फाल्गुनातल्या त्या सकाळी तिने टिकली काढली आणि तिला वाटलं, टिकली निघालीच नाही. म्हणजे टिकली बोटावर आली होती, पण कपाळावर काहीतरी गोल उरलं होतं. गोंद असेल म्हणून तिने नखाने खरवडलं. मग ओल्या बोटाने चोळलं. मग खोबरेल लावून पदराच्या टोकाने पुसलं. ते तसंच. तिळाएवढं, आणि रंगही तिळाचाच, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळाचा, दोन भुवयांच्या बरोबर मधे. मोरीत बादली भरून वाहत होती. मागच्या दारातून सासूचा आवाज आला, "कुंदे, पानी चाललं वं नालीत. बंद कर तो नळ." ती "हो अक्का" म्हणाली, नळ बंद केला आणि पुन्हा आरशापाशी आली, जणू तेवढ्या वेळात ते निघून गेलं असतं.

त्याला एक नाव होतं आणि ते तिने मनातसुद्धा घेतलं नाही. धुळ्याला माहेरी त्यांच्या घरात ते नाव कोणी घेत नसे. 'ते' म्हणत. नर्मदाआत्याला 'ते' आहे. वडिलांची ही धाकटी बहीण लग्न होऊन वर्षाच्या आत परत आली होती. हातांच्या बोटांपासून सुरू झालेला पांढरेपणा मनगटावरून वर चढत गेला, आणि सासरच्यांनी एका आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला माहेरी पोचवली ती न्यायला पुन्हा कोणी आलंच नाही. कुंदाला आठवायला लागल्यापासून आत्या मागच्या खोलीत होती. पापड लाटायची, गोधड्या शिवायची, कुंदाच्या वेण्या घालायची. मानेवर फिरणारी ती बोटं इतर बोटांसारखीच उबदार असत, हे कुंदाला ठाऊक होतं. पण शाळेतल्या मैत्रिणी घरी यायच्या असल्या की आई मागच्या खोलीचं दार ओढून घ्यायची, हेही तिला ठाऊक होतं. जळगावची मंडळी कुंदाला बघायला आली त्या आठवड्यात आत्याला पिंपळनेरला एका लांबच्या नातेवाइकांकडे पाठवलं होतं. लग्नातही ती दिसली नाही. गिरधरला बायकोला आत्या आहे एवढं माहीत होतं. ती कशी दिसते हे त्याने विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. न सांगितलेली गोष्ट इतकी वर्षं नुसती पडून होती, आणि आता ती कपाळावर, चार लोकांत पहिल्यांदा जिथे नजर जाते तिथेच, वर आली होती. पाळण्यात बेबी उठून हुंकारली. कुंदाने पाकिटातून टिकली काढली, नेहमीची नाही, तिच्याहून जरा मोठी, आणि ती घाईघाईने दाबून बसवली.

तशी तिची कातडी पहिल्यापासूनच हट्टी. तिला काही मानवायचं नाही. लग्नाची हळद लागली तेव्हा दोन्ही गाल आणि गळा असा फुलून आला की बायका म्हणाल्या, नवरीला हळद चढली, आणि हसल्या. पण एक म्हातारी बाजूला म्हणाली होती, मानवली नही वं पोरीले हळद, आणि त्यावर कोणी हसलं नव्हतं. हा शब्द इकडे सासरीही तिला सारखा भेटायचा. नवी आली तेव्हा शेजारच्या सुनंदाबाई भेटेल तेव्हा विचारायच्या, "काय गं, मानवलं का जळगावचं पाणी?" जणू धुळ्याचं पाणी आणि जळगावचं पाणी यांत समुद्राचं अंतर. गुलाबी साबणाने तिला खाज यायची, पिवळ्याने नाही. खोट्या कानातल्यांनी पाळ्या ओल्या व्हायच्या. केळीचा चीक हाताला लागला की पुरळ. अक्कांचं अर्धं आयुष्य रावेरकडच्या केळीच्या मळ्यात गेलेलं. त्यांना हे कळायचंच नाही. "आमच्यावाल्या आंगाले काही व्हत नव्हतं," त्या म्हणायच्या, रागाने नाही, नवल वाटून. मग बेबी झाली, आणि बारशाला आलेल्या वासाच्या पावडरीने तिच्या मानेच्या घडीत लाल चट्टे उठले. तेव्हापासून कुंदाने रीतच पाडली होती: बेबीच्या अंगाला लागणारी वस्तू आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची, रात्रभर ठेवायची, आणि मगच बेबीला. तेल, डाळीचं पीठ, साबण, सगळं तिच्या मनगटावरून पुढे जायचं. एकच गोष्ट तपासल्यावाचून चालली होती, अक्का घरी धरायच्या ते काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी घालून, काजळी खरवडून, तुपात कालवून अक्कांनी ते बेबीला पाचवीपासून लावलं होतं, कुंदाला न विचारता. त्याने बेबीला कधी काही झालं नाही. आपल्या मनगटावरून आपण बेबीला वाचवतो असं कुंदाला वाटायचं. आता वाटलं, ही कातडी आपण तिला देऊनच बसलोय, मग कोणाला कशापासून वाचवतोय?

टिकली मोठी होत गेली. म्हणजे आधी तिळाएवढा ठिपका होता, त्यावर मुगाएवढी टिकली चालली असती. पण धसका असा की ती वाटाण्याएवढी लावायची, आणि पंधरवड्याने बघावं तर ठिपका वाटाण्याएवढा झालेला. मग तिने त्याहून मोठी घेतली. आपण झाकतोय की त्याला वाढायला जागा करून देतोय, हा विचार तिच्या मनात यायचा आणि धड पुरा व्हायच्या आतच निसटायचा. कारण तो पुरा झाला तर त्याच्या शेवटी उघडं कपाळ होतं. आणि उघडं कपाळ म्हटलं की त्याचा दुसरा अर्थ आपोआप पुढे यायचा. पांढरं कपाळ. हे शब्द बायका कशासाठी वापरतात ते तिला माहीत होतं, आणि तिचं कपाळ तर खरोखरच पांढरं होत होतं, नवरा धडधाकट असताना, रोज भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात अप-डाऊन करत असताना. ते शब्द मनात आले की ती बोटाने टिकली पुन्हा दाबायची.

गिरधरच्या लक्षात आलं ते एवढंच की टिकली वाढतेय. "नगरपालिकेला उभी राहणारेस काय?" जेवताना तो म्हणाला. "एवढी मोठी टिकली लावून बायका भाषणं करतात."

"फॅशन आहे."

"फॅशन असेल तर असू दे. उद्या बशीएवढी लावलीस तर तेवढं सांग, मी वर पंखा फिट करून देईन." आणि तो वाटीतली आमटी पिऊन टाकत स्वतःच हसला. ती पण हसली. हसताना कपाळ आक्रसलं आणि टिकलीची कड टोचली.

बाजारात लोटनचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान होतं. ती सारखी तिथेच जायची, कारण लोटन बायकांशी बोलताना मान खाली घालून पाकिटं मांडायचा, तोंडाकडे बघायचा नाही. "लोटनभाऊ," ती म्हणाली, "मानवेल असं काही द्या."

"मानवेल असं?" त्याने तरीही मान वर केली नाही. "वहिनी, पाणी मानवतं, हवा मानवते. टिकली काय मानवायची वस्तू आहे? आवडली की झालं."

"ही कशाची असते?"

"मखमलीची."

"मागे काय असतं?"

"मागे गोंद."

"कसला?"

"आता गोंद म्हणजे गोंद. घामातसुद्धा पडत नाही, ही मुंबईची आहे. आपल्या जळगावच्या उन्हात बघा, माणूस वितळेल, टिकली राहील." त्याला ही गोष्ट फार अभिमानाची वाटत होती. मग जरा विचार करून त्याने कुंकवाची पुडी आणि मेणाची डबी पुढे केली. "नाहीतर हे जुनं घ्या. मेण लावायचं, वर कुंकू. आमच्या आईने जन्मभर हेच लावलं."

"आणि कुंकू कशाचं असतं?"

"हळदीचं."

"नुसतं हळदीचं?"

आता मात्र त्याने वर बघितलं, आणि तिने चटकन पदर सारखा केला. हळद म्हटल्यावर तिला लग्नातला फुललेला गळा आठवला. हळद, चुना, आणखी लाल रंग कसला कोण जाणे. मेण मधमाशीचं की मेणबत्तीचं. एका कपाळावर बोटभर जागा आणि तिच्यावर लावायच्या वस्तू एवढ्या, आणि एकीच्याही पोटात काय आहे हे विकणाऱ्याला माहीत नाही. तिने पुडी, डबी, टिकल्या, सगळंच घेतलं, आणि घरी येऊन कपाटात पोलक्यांच्या खाली ठेवून दिलं, जणू चोरून आणलं होतं.

अक्कांकडे ती अलीकडे जास्त बघायला लागली होती. अक्कांचं नाव झुंबरबाई, पण घरात-गल्लीत सगळे अक्काच म्हणत. सासरे कुंदाच्या लग्नाआधीच गेलेले. तरी पहिल्यांदा घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, यांनी टिकली कशी लावलीय? ते गोंदण होतं, भुवयांच्या मधे, हिरवट, लहानपणी टोचून घेतलेलं. पुसलं जात नाही असं. सासरे गेले तेव्हा बायकांनी अक्कांचं कुंकू पुसलं, बांगड्या काढल्या, आणि हा ठिपका तेवढा तिथेच राहिला, कारण त्याला कोणाचा इलाज नव्हता. अक्का कुंकवाच्या करंड्याला हात लावायच्या नाहीत. सणावाराला कोणी बाई आली तर आतून हाक मारायच्या, "कुंदे, बाईले कुंकू लाव वं," आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभ्या राहायच्या. एकदा कुंदाच्या मनात आलं, गोंदून घ्यावं का आपणही? काय लावायचं हा प्रश्नच मिटेल. पण सुई टोचलेल्या जागी पांढरं वाढतं असं कुठेतरी ऐकल्याचं आठवलं. की ते भाजलेल्या जागेबद्दल होतं? काहीच नीट आठवेना. आठवणी पण तिच्या कातडीसारख्याच झाल्या होत्या, कुठे हात लावला तर काय उठेल सांगता येत नव्हतं.

वैशाखात आखाजीला ती बेबीला घेऊन धुळ्याला आली. गल्लीत लिंबाला झोके बांधले होते, सासुरवाशिणी झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या, आणि कुंदाला झोक्यावर बसायची भीती वाटत होती, वाऱ्याने टिकली उडेल म्हणून. घामात न पडणारी टिकली वाऱ्याने उडत नाही हे कळत असूनही. शेवटी मोरीपाशी आईला बोलावून तिने टिकली काढली. आईने आधी दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी दोघी पाच नंबरच्या गल्लीतल्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी तिला खिडकीपाशी नेऊन बघितलं, बोट फिरवलं, खाजतं का विचारलं. खाजायचं, ती म्हणाली. आधी खाजायचं, लाल व्हायचं, पण टिकली कोणाला टोचत नाही?

"टिकलीच्या मागच्या गोंदात एक रसायन असतं," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना त्रास होत नाही. काहींच्या कातडीला ते मानवत नाही. मग तिथला रंग जातो. तसं असलं तर टिकली बंद केल्यावर रंग येईल. सावकाश. काहींचा येतही नाही."

"आणि तसं नसलं तर?"

त्यांनीही ते नाव घेतलं नाही. "घरात कोणाला आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, कोणालाच नाही," आई म्हणाली. इतकं झटकन, इतकं सरळ, की कुंदाला क्षणभर ते खरंच वाटलं. आईने ते ठरवून म्हटलं नव्हतं. वर्षानुवर्षं हा प्रश्न कोणी विचारला की आईच्या तोंडून हेच उत्तर निघत आलं होतं. कुंदाने तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, "मग बहुतेक गोंदच," आणि लिहायला लागले, आणि तिचं तोंड मिटलं. "कपाळ रिकामं ठेवा. टिकली नको, कुंकू नको, गंध नको, काही म्हणजे काही नको. पावसाळा संपेपर्यंत. मग कळेल काय आहे ते. तोवर एकेक वस्तू हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, काय सोसतं ते."

"रिकामं कसं ठेवू?" ती म्हणाली.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना प्रश्न कळला होता, पण त्याला औषध नव्हतं.

घरी येताना आई रिक्षात म्हणाली, "बघ, गोंदच आहे. डॉक्टरच म्हणाले," आणि तिचे डोळे भरून आले, सुटल्यासारखे. कुंदा रस्त्याकडे बघत राहिली. खोट्यावर बेतलेलं डॉक्टरांचं ते 'बहुतेक'. ते खोटं वजा केलं तर मागे काय उरतं? कदाचित तेच उरतं, गोंदच. कदाचित नाही. आत्याचं सांगितलं असतं तर डॉक्टर काय म्हणाले असते, हे आता कधीच कळणार नव्हतं. म्हणजे परत जाऊन विचारता आलं असतं, पण पाय त्या बाजूला वळत नव्हते.

नर्मदाआत्या मागच्या खोलीत बेबीला मांडीवर घेऊन बसली होती. बेबी तिच्या पांढऱ्या बोटाला धरून ते तोंडात घालायला बघत होती आणि आत्या बोट काढून घेत होती, पुन्हा देत होती. "काय म्हने डाक्टर?" तिने विचारलं. आत्याशी कुंदा अहिराणीतच बोलायची; सासरी गेल्यापासून ती बोली या एका खोलीपुरतीच उरली होती.

"म्हने, गोंद शे."

"मन्हं नाव सांगं का?"

कुंदाने बेबीचं झबलं सारखं केलं.

"नही सांगं," आत्या म्हणाली. तिला राग आलेला नव्हता. "तुनी माय नही सांगाव. मले माहीत शे." मग जरा वेळाने, बेबीच्या केसांवरून हात फिरवत, "मन्हामुये व्हयनं का वं ते?"

आत्यामुळेच हे झालं का, या प्रश्नाचं उत्तर कुंदाजवळ असतं तर बाकी सगळ्याचं असतं. ती आत्याजवळ सरकून बसली आणि तिने पोलक्याची बाही वर केली. मग त्या दोघींनी डॉक्टरांचं सांगणं सुरू केलं, लहानपणी भातुकली मांडायच्या तसं. दंडाच्या आतल्या बाजूला, वरून खाली: टिकली, मेण, कुंकू, हळद, उगाळलेलं चंदन. आत्या पांढऱ्या बोटाने एकेक ठिपका ठेवत होती आणि कुठे काय ते विसरू नये म्हणून मोठ्याने म्हणत होती. शेवटी थोडी जागा उरली तर म्हणाली, "ही रिकामीच ऱ्हाऊ दे. तिले काही नको." दुसऱ्या दिवशी टिकलीखाली खाजलं. कुंकवाखाली लाल झालं. हळदीखाली नेहमीसारखं. मेण आणि चंदन गप्प होते. आणि ती रिकामी जागा, जिथे काहीच लावलं नव्हतं, तीही खाजत होती. कुंदा आणि आत्या त्या जागेकडे बघत राहिल्या, आणि आत्याला अचानक हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती हसत राहिली. कुंदाही. हसून झाल्यावर आत्या म्हणाली, "बावचीनं औषद लावू नको बरं. मी लावी लावी उनमा बसनू, भाजी गयू फक्त." एवढंच. इतक्या वर्षांत आत्या स्वतःच्या अंगाबद्दल एवढंही बोलली नव्हती.

न्यायला गिरधर आला, तशी तिने टिकली पुन्हा लावली. निघताना आईने ओटी भरली आणि कुंकवाचं बोट पुढे केलं. कुंदा मागे झाली. आई दबक्या आवाजात म्हणाली, "सवाष्ण जातेस. तिकडे गेल्यावर कर काय करायचं ते," आणि टिकलीच्या वर, केसांपाशी, कुंकू लावलंच. एसटीत पारोळ्यापर्यंत बेबी झोपली. एरंडोलला खिडकीतून झळा यायला लागल्या आणि कपाळ पेटलं. घाम, गोंद, कुंकू सगळं एक होऊन टिकलीच्या खाली काहीतरी चालत असल्यासारखं. शेजारी गिरधर वर्तमानपत्राने बेबीला वारा घालत होता. त्याच्या मानेवरही घामोळं होतं आणि त्याचं त्याला काही नव्हतं. सांगावं का याला आत्ता? म्हणावं, माझ्या कपाळाला गोंद मानवत नाही. तेवढंच, अर्धं. पण अर्ध्याला उरलेलं अर्धं चिकटून यायचं. "उकडतंय?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली.

जळगावच्या स्टँडवर त्याने दोघींना रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला गल्ली समजावून सांगितली आणि म्हणाला, "अक्काला सांग, मी स्टेशनवरून परस्परच जातो. दुसरी पाळी आहे, आता घरी आलो तर गाडी चुकेल." रिक्षा वळली आणि तो दिसेनासा झाला तसं कुंदाने टिकली ओढून काढली. पदराने कुंकू पुसलं. उन्हातला गरम वाराच तो, पण कपाळाला गार लागला. घर येईपर्यंत, तिने ठरवलं. घराच्या अलीकडे नवीन लावायची. बेबीने तिच्या बोटावरची टिकली हिसकावली, ती तिच्या मुठीत चुरगळली, रस्त्यात कुठेतरी पडली. पाकीट पिशवीच्या तळाशी होतं. रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा तिने पिशवीत हात घातला होता की नव्हता, ती विसरली की तिने विसरू दिलं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नसतं.

अक्का ओट्यावर सुपात डाळ पाखडत बसल्या होत्या. रिक्षा थांबली तशी त्या हसत उठल्या, बेबीसाठी हात पुढे करून दोन पायऱ्या उतरल्या, आणि तिथेच थांबल्या. त्यांची नजर कुंदाच्या तोंडावर नव्हती. हात पुढे केलेलेच राहिले. त्यांनी रिक्षात कुंदाच्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"गिरधर?" त्या म्हणाल्या.

कुंदाला एवढंच कळलं, की यांनी पाहिलं. कपाळ पाहिलं. आता सांगायला हवं, आणि कुठून सुरू करायचं हे कळेना. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने पाठ केल्यासारखं दिलं.

"ते गेले."

अक्का पायरीवर बसल्या. हात मागे टेकला तसं ओट्याच्या कडेचं सूप कलंडलं आणि डाळ पायऱ्यांवरून सांडत खाली आली. त्यांच्या तोंडातून आवाज आला तो रडण्याचा नव्हता, बोलण्याचाही नव्हता. रिक्षावाला मीटर बघता बघता वळला. आणि कुंदाला आपण काय बोललो ते ऐकू आलं, दुसऱ्या कोणी बोलल्यासारखं, वर रिकामं कपाळ.

"ड्यूटीवर," ती म्हणाली. "अक्का, ड्यूटीवर गेले. भुसावळला. स्टेशनवरून परस्पर गेले, दुसरी पाळी आहे. मला रिक्षात त्यांनीच बसवलं. अक्का, चांगले आहेत ते. विचारा या भाऊंना."

"आताच बसवून दिलं ना साहेबांनी," रिक्षावाला म्हणाला. "निळा शर्ट."

अक्कांनी ते ऐकलं. दोनदा वदवून घेतलं. मग त्यांनी कुंदाचा दंड पकडला, नेमका आत्याने ठिपके ठेवलेल्या जागी, आणि गदागदा हलवला. "मंग हे काय केलं वं कार्टे? हे काय तोंड घेऊन आली माह्या दारात?" हलवता हलवता त्यांचा हात सैल झाला, आणि त्या तिच्या खांद्याला डोकं लावून रडायला लागल्या, बेबी मधे चेंगरली म्हणून बेबीही.

सगळं तिने तिथेच पायरीवर सांगितलं. आत जाऊन सांगायला धीर उरला नसता. तीळ, वाटाणा, मोठी टिकली. गोंद असेल, नसेलही, पावसाळ्यानंतर कळेल. कपाळ रिकामं ठेवायचं. आणि मग थांबता येईना म्हणून आत्या. ते नाव, कोड, तिने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. लग्नात लपवलं हेही सांगितलं. डॉक्टरांना आईने नाही म्हटलं आणि मी गप्प बसले, हेही. अक्का सांडलेली डाळ एकेक करून मुठीत गोळा करत ऐकत होत्या. तिचं संपलं तेव्हा त्यांनी अंगठा तिच्या कपाळावर ठेवला आणि त्या गोलावरून फिरवला, पिठात खडा आहे का बघावा तसा.

"दुखते का?"

"नाही."

"आत्याचं नाव काय?"

"नर्मदा."

"जित्ती हाये?"

"हो."

"मंग झालं तं," अक्का म्हणाल्या. त्यात माफी होती की नव्हती, आजच्यापुरतं होतं की कायमचं, कुंदाला कळलं नाही. आत्ता, मुलगा मरून परत जिवंत झाल्यावर, त्यांना सगळंच लहान दिसत होतं. उद्या कदाचित दिसणार नाही. आणि पावसाळ्यानंतर हा गोल दुप्पट झाला तर?

संध्याकाळपर्यंत अक्का कामं करत होत्या, पण पोळी लाटताना मधेच थांबून कुंदाच्या कपाळाकडे बघायच्या, आणि लगेच दाराकडे. कुंदाने ओळखलं. त्यांना ड्यूटीचं पटलं होतं, पण डोळ्यांना पटत नव्हतं. मुलगा दिसेपर्यंत हे कपाळ असंच समोर हिंडत राहणार. शेवटी दिवेलागणीला त्यांनी बेबीला मांडीवर घेतलं, काजळाची डबी उघडली आणि प्रवासाहून आलेल्या पोरीला कपाळाच्या बाजूला ठसठशीत तीट लावली. बोटावर थोडं काजळ उरलं होतं. "हिकडे ये," त्या म्हणाल्या. कुंदा पुढे झाली. करंड्याला कधी हात न लावणाऱ्या त्या बोटाने अक्कांनी उरलेलं काजळ तिच्या डाव्या भुवईच्या वर टेकवलं. मधे नाही. मधला गोल तसाच उघडा राहिला.

"गिरधर येस्तोवर राहू दे," त्या म्हणाल्या. "मंग पुसशील."

"रोज?"

अक्कांनी डबीचं झाकण लावलं. रोजच जातो की तो.

ओट्यावर वारा सुटला होता. सुनंदाबाई दूध घेऊन परतताना थबकल्या, आणि त्यांचे डोळे कुंदाच्या कपाळावर आधी मधे, मग डावीकडे, मग पुन्हा मधे गेले. "आलीस का गं आखाजी करून? आणि हे काय, कपाळाला काय झालं?"

कुंदाने अक्कांकडे पाहिलं. अक्का बेबीच्या पायातले वाळे सारखे करत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तीट हाये. दृष्ट लागते माह्या सुनेले."

सुनंदाबाई हसल्या, पण पुरतं नाही, आणि दूध सांभाळत पुढे गेल्या. कोपऱ्यावर एकदा वळून बघितलंच. अक्का पाठ ताठ करून गल्लीच्या तोंडाकडे बघत बसल्या, तिकडूनच तो येणार होता, अजून बराच वेळ होता तरी. कुंदा त्यांच्या शेजारी बसली. भुवईच्या वर काजळातलं तूप हळूहळू पातळ होत होतं. हे काजळ तिने मनगटावर लावून पाहिलेलं नव्हतं. ती डोळे मिटून, कुठे खाजायला लागतं का याची वाट बघत राहिली.